नोकरी कोणास द्यावी?



आमच्या शाळेच्या एका पालकसभेस दोन गृहस्थ एकाच बांकावर बसले होते. दोघेहि उमरठच्या आसपासच्या वाड्यांतले; दोघांचेहि मुलगे याच शाळेंतून एकाच वर्षीं उत्तीर्ण झालेले. सभा संपल्यावर पहिल्यानें मला बाजूस बोलावून विचारलें, "गुरुजी, माझ्या मुलाला सात गुण अधिक असूनहि सरकारी जागा दुसऱ्याला मिळाली. मग अभ्यास कशासाठीं करायचा?" थोड्या वेळानें दुसरे आले व म्हणाले, "गुरुजी, माझ्या मुलानें तीन ठिकाणीं अर्ज केला. आडनांव विचारलें, वाडी कोणती तें विचारलें, आणि पुढें कोणी बोलावलेंच नाहीं. मग अभ्यास कशासाठीं करायचा?" दोघांच्याहि प्रश्नाचे शेवटचे शब्द एकच होते. त्या दिवशीं मला दोघांसहि समाधानकारक उत्तर देतां आलें नाहीं. त्या उत्तराचा शोध म्हणून हा लेख लिहीत आहें.

प्रथम प्रश्न नीट मांडूं. नोकरी देणें म्हणजे बक्षीस देणें नव्हे आणि भिक्षा घालणेंहि नव्हे. एक काम आहे, तें करावयास माणूस पाहिजे. आणि तें काम ज्यास मिळतें त्याच्या घरीं चूल पेटते, त्याचीं मुलें शाळेंत जातात व चार लोकांत त्यास मान मिळतो. म्हणून नोकरी देणाराच्या हातीं फार मोठी सत्ता असते. ती न्यायानें वापरली गेली किंवा नाहीं हें ठरवितांना तीन गोष्टी विचाराव्या लागतात. पहिली, दार सर्वांस उघडें होतें काय? दुसरी, आंत आलेल्यांस मोजण्याचें माप सर्वांस सारखें व त्या कामास साजेसें होतें काय? तिसरी, ज्यांस पिढ्यान् पिढ्या दाराबाहेर ठेवलें त्यांच्यासाठीं कांहीं विशेष सोय हवी काय, आणि हवी असल्यास किती व कोठवर? पहिल्या दोहोंविषयीं सुज्ञांत फारसा मतभेद नाहीं. वाद आहे तो तिसरीविषयीं. परंतु पहिल्या दोन गोष्टी प्रत्यक्षांत कशा मोडल्या गेल्या हें पाहिल्यावांचून तिसरीचा निवाडा करतां येत नाहीं. म्हणून आपण क्रमानें जाऊं.

उमरठ म्हटलें कीं तानाजी मालुसरे यांचें नांव ओठीं येतें. १६७० सालीं सिंहगड घेतांना ते पडले. त्यांची समाधि आपल्या गांवीं आहे. परंतु याच भागांतील दुसऱ्या एका शिपायाचें नांव आपल्या मुलांस क्वचितच ठाऊक असतें. महाडजवळच्या रावढळ गांवचे गोपाळबाबा वलंगकर हे इंग्रजांच्या लष्करांतून १८८६ सालीं निवृत्त झाले व १८८८ सालीं त्यांनीं 'विटाळ विध्वंसन' हें अस्पृश्यतेवरील लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. मुंबई इलाख्याच्या सैन्यांत महार शिपायांनीं अनेक पिढ्या चाकरी केली होती. लष्करांत शिपायांच्या मुलांस शिक्षण मिळे, आणि पेन्शन घेऊन परतलेला सुभेदार किंवा जमादार गांवांत ताठ मानेनें राही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारनें कांहीं जाती 'लढाऊ' व बाकीच्या 'बिनलढाऊ' अशी विभागणी केली, आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद पडली. हें ठरवितांना कोणा एका शिपायाचा नेम पाहिला नाहीं, कीं कोणाची हिंमत तपासली नाहीं. जन्मावरून निकाल लागला. त्याविरुद्ध वलंगकरांनीं १८९४ सालीं एक अर्ज तयार केला. पुढें पहिल्या महायुद्धांत माणसांची निकड लागली तेव्हां १९१७ सालीं महारांची एक पलटण उभारण्यांत आली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ सालीं ती मोडण्यांत आली. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ सालीं, महार रेजिमेंट पुन्हां उभी राहिली. गरज लागली तेव्हां योग्यता दिसूं लागली, आणि गरज सरतांच ती दिसेनाशी झाली! यावरून हें उघड होतें कीं 'योग्यता' हा शब्द नेहमीं माणसाच्या अंगच्या गुणांविषयींच उच्चारला जातो असें नाहीं. पुष्कळदां तो केवळ मोजणाराच्या सोयीचा असतो.

दार उघडल्याचें कागदावर लिहिलें म्हणजे तें उघडतेंच असेंहि नाहीं. याची साक्ष महाडचें चवदार तळें देतें. १९२३ सालीं सीताराम केशव बोले यांच्या ठरावानें मुंबईच्या कायदे कौन्सिलनें सार्वजनिक पाणवठे, शाळा व कचेऱ्या अस्पृश्यांस मोकळ्या कराव्यात असें ठरविलें. १९२४ सालीं महाड नगरपालिकेनें तळें खुलें केल्याचा ठराव केला. तथापि त्या पाण्यास हात लावण्याची कोणाची छाती झाली नाहीं. अखेर २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपल्या अनुयायांसह तेथें पाणी प्राशन केलें. त्यावरून मारहाण झाली, खटला झाला, आणि हायकोर्टाचा शेवटचा निकाल १९३७ सालीं लागला. ठराव १९२४ चा, पाणी १९२७ चें, निकाल १९३७ चा! त्या परिषदेंतील भाषणांत डॉ. आंबेडकरांनीं लष्करभरती बंद झाल्यानें आपल्या लोकांची केवढी हानि झाली हेंहि सांगितलें व सरकारी नोकऱ्यांत शिरकाव करून घेण्याचा उपदेश केला. पाण्याचा व पोटाचा प्रश्न त्यांच्या दृष्टीनें एकाच दाराशीं येऊन थांबत होता.

आतां दुसरी गोष्ट, म्हणजे मापाची. आपल्या पोलादपूर-महाडकडील किती घरें मुंबईच्या गिरण्यांवर जगलीं हें तुमचे आजोबा सांगतील. त्या गिरण्यांत नोकरी मिळविण्याचा मार्ग कोणता होता? गिरणीचा मालक किंवा मॅनेजर माणसें निवडीत नसे. तें काम जॉबरच्या हातीं असे. जॉबर आपल्या गांवचीं, आपल्या नात्यागोत्याचीं माणसें आणी, आणि पुष्कळदां त्यांजकडून दस्तुरीहि घेई. ज्याच्या गांवचा जॉबर त्याला काम. ज्याच्या गांवचा जॉबर नाहीं त्यानें दाराशीं बसून राहावें. आपल्यापैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांस या रीतीचा लाभ झाला असेल. म्हणून ती न्यायाची होती असें मात्र म्हणतां येणार नाहीं. वशिला आपल्या बाजूचा असला कीं त्यास आपण ओळख म्हणतों, आणि दुसऱ्याच्या बाजूचा असला कीं अन्याय म्हणतों.

त्याच गिरण्यांत विणकामाच्या खात्यांत मजुरी अधिक असे. परंतु अस्पृश्य कामगारांस तेथें घेत नसत. कारण असें सांगत कीं, धोट्यांतील कांडी संपली म्हणजे नवा धागा तोंडानें ओढावा लागतो, आणि एकाचें तोंड लागलेल्या धोट्यास दुसरा तोंड कसें लावील? म्हणजे ज्याचे हात सुतकताईच्या यंत्रावर चालत, त्याचेच हात मागावर चालत नसत. आणि दोष हातांचा नव्हता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर आग्रहानें मांडला. या उदाहरणांत एक बोध आहे. तोंडानें धागा ओढणें ही आरोग्याच्या दृष्टीनेंहि वाईट रीत होती. ती बदलतां आली असती. परंतु रीत बदलण्याऐवजीं माणूस बाहेर ठेवणें लोकांस सोपें वाटलें.

स्त्रियांची हकीकतहि अशीच आहे. १९२० नंतरच्या दशकांत मुंबईच्या गिरणी कामगारांत सुमारें एक पंचमांश स्त्रिया होत्या. त्यांच्या रक्षणासाठीं रात्रपाळीची मनाई होती, आणि १९२९ सालीं मुंबई इलाख्यांत बाळंतपणाच्या रजेचा व भत्त्याचा कायदा झाला. हेतु उत्तम होते. परंतु बाळंतपणाचा खर्च ज्या मालकानें द्यावयाचा त्याच मालकानें माणूसहि निवडावयाचें, अशी व्यवस्था असल्यामुळें कित्येक मालकांनीं हिशेब केला कीं स्त्रिया न घेणेंच बरें. अर्धें शतक लोटतांना गिरण्यांतील स्त्रियांचें प्रमाण अगदींच थोडें उरलें. २०१७ सालीं ही रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली, तेव्हांहि हीच भीति पुन्हां बोलून दाखविण्यांत आली. केवळ चांगला हेतु पुरत नाहीं; कायद्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो हेंहि पाहावें लागतें.

येथवर आपण दार व माप पाहिलें. आतां तिसरी गोष्ट. बंद दार उघडून दिलें म्हणजे पुरें होतें काय? कोल्हापूरचे शाहू महाराज १८९४ सालीं गादीवर आले, तेव्हां त्यांच्या दरबारच्या सामान्य प्रशासनांत ७१ जागांपैकीं ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. शिक्षणाची परंपरा एका समाजाकडे, म्हणून जागाहि त्याच समाजाकडे. आणि जागा त्या समाजाकडे, म्हणून पुढच्या पिढीचें शिक्षणहि त्याच्याचकडे, असें हें चक्र होतें. तें आपोआप थांबणारें नव्हतें. २६ जुलै १९०२ रोजीं महाराजांनीं हुकूम काढला कीं यापुढें रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांच्या उमेदवारांनीं भराव्यात. १९१२ सालापर्यंत ९५ जागांपैकीं ब्राह्मणांकडे ३५ राहिल्या. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: कोणास काढून त्याची जागा दुसऱ्यास दिली असा तो हुकूम नव्हता; तो पुढें रिकाम्या होणाऱ्या जागांपुरता होता. शिवाय महाराज हुकुमावर थांबले नाहींत. त्यांनीं निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें काढविलीं; आणि गंगाराम कांबळे या अस्पृश्य गृहस्थास चहाचें दुकान घालून देऊन स्वतः तेथें जाऊन चहा घेतला. हुकुमानें जागा मिळते, वसतिगृहानें तयारी होते, आणि त्या चहाच्या पेल्यानें मान मिळतो. या तिहींपैकीं एकहि वगळलें तर बाकीचीं दोन लंगडीं पडतात.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनें हा विचार पुढें नेला. तिच्या सोळाव्या कलमांत दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेविल्या आहेत. सरकारी नोकरींत सर्व नागरिकांस समान संधि राहील. धर्म, जात, लिंग, जन्मस्थान इत्यादि कारणांवरून कोणासहि वगळतां येणार नाहीं. आणि तरीहि, ज्या मागास वर्गांस सरकारी नोकऱ्यांत पुरेसें स्थान नाहीं त्यांच्यासाठीं राज्यास जागा राखून ठेवतां येतील. या दोहोंत विरोध नाहीं काय? हा प्रश्न घटनासमितींतहि निघाला. ३० नोव्हेंबर १९४८ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं दिलेल्या उत्तराचा आशय असा होता कीं, समान संधीचें तत्त्व खरेंच राखावयाचें असेल तर राखीव जागा एकूण जागांच्या अल्पभागापुरत्याच असल्या पाहिजेत. नाहींतर अपवाद हाच नियम होऊन बसेल.

पुढील सारा कायदा या एका वाक्याभोंवतीं फिरत आला आहे. १६ नोव्हेंबर १९९२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं राखीव जागा सामान्यतः शेंकडा ५० च्या वर जाऊं नयेत, आणि इतर मागास वर्गांतील सुस्थितींत पोंचलेल्या कुटुंबांस हा लाभ देऊं नये. महाराष्ट्राच्या २००१ च्या कायद्यानें राज्याच्या सेवेंत शेंकडा ५२ जागा राखीव झाल्या: अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त व भटक्या जमातींचे चार गट मिळून ११, विशेष मागास प्रवर्ग २ आणि इतर मागास वर्ग १९. सर्वच वर्गांत स्त्रियांसाठीं शेंकडा ३० जागा आहेत, आणि २०१६ च्या कायद्यान्वयें अपंग व्यक्तींसाठीं शेंकडा ४. २०१९ सालीं घटनादुरुस्ति होऊन, इतर कोणत्याहि आरक्षणांत न येणाऱ्या दुर्बल कुटुंबांसाठीं शेंकडा १० जागांची तरतूद झाली. मराठा समाजासाठीं २०१८ सालीं केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयानें ५ मे २०२१ रोजीं रद्द केला. २०२४ सालीं शेंकडा १० चा नवा कायदा झाला व त्यासहि न्यायालयांत आव्हान देण्यांत आलें. मी हे आंकडे मुद्दाम दिले आहेत. कारण या विषयावर चावडीवर वाद घालणारांपैकीं पुष्कळांस ते ठाऊक नसतात, आणि आंकडे ठाऊक नसले म्हणजे आवाज चढतो.

या व्यवस्थेवर जे आक्षेप घेतले जातात ते थट्टेवारी नेण्यासारखे नाहींत. पहिला आक्षेप असा कीं, कमी गुणांच्या माणसास घेतल्यानें काम बिघडतें. याचा विचार अनुमानानें न करतां अनुभवानें करावा. अश्विनी देशपांडे व टॉमस वाइसकॉफ या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं भारतीय रेल्वेच्या १९८० ते २००२ या काळांतील कामगिरीचा अभ्यास करून २०१४ सालीं तो प्रसिद्ध केला. अनुसूचित जाती-जमातींच्या नोकरांचें प्रमाण वाढल्यानें रेल्वेची उत्पादकता घटली असा कांहींहि पुरावा त्यांस आढळला नाहीं. आणि ज्यांस क्रिकेटची आवड आहे त्यांनीं पळवणकर बाळू यांचें चरित्र पाहावें. चांभार समाजांत जन्मलेल्या या गोलंदाजानें १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यांत ११४ बळी घेतले; पुण्याच्या मैदानावर मात्र त्यांस चहा वेगळ्या भांड्यांतून बाहेर उभें राहून घ्यावा लागे, आणि हिंदु संघाचें कप्तानपद त्यांस कधींच मिळालें नाहीं. तें त्यांचे बंधु विठ्ठल यांस १९२३ सालीं मिळालें. गुण होते, आंकडे होते, तरी मान मिळण्यास एक तप लोटलें. म्हणून गुणवत्तेची काळजी वाहणाराने हेंहि पाहावें कीं बंद दारामुळें किती गुण वायां गेले.

दुसरा आक्षेप असा कीं, लाभ पुनः पुन्हां त्याच थोड्या कुटुंबांस मिळतो. यांत तथ्य आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजीं सात न्यायाधीशांच्या पीठानें अनुसूचित जातींतहि अधिक मागासलेल्यांसाठीं पोटविभाग करण्यास राज्यांस मोकळीक दिली, ती याच विचारानें. आपल्याच जिल्ह्यांत पाहा: कातकरी वाडीवरील किती मुलें मॅट्रिकपर्यंत पोंचतात? जागा राखीव आहे, परंतु तेथवर जाणारी पायवाटच नाहीं. तसेंच, १९५० च्या आदेशान्वयें अनुसूचित जातींचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता होता, १९५६ सालीं शिखांस व १९९० सालीं बौद्धांस तो लागू झाला. त्याच जातींतून ख्रिस्ती किंवा मुसलमान झालेल्यांस तो मिळालेला नाहीं. विहिरीवरची वागणूक धर्म बदलल्यानें तेवढी बदलली काय, हा त्या वादांतील खरा मुद्दा आहे.

तिसरा आक्षेप त्या पहिल्या गृहस्थांचा. "ज्यानें कोणावर अन्याय केला नाहीं अशा माझ्या मुलानें किंमत कां द्यावी?" हा प्रश्न मनास लागणारा आहे, आणि 'तुमच्या पूर्वजांनीं केलें' एवढें म्हणून त्याची वासलात लावतां येत नाहीं. मी एवढेंच म्हणेन: ती जागा त्या मुलाच्या मालकीची असून कोणी हिरावून घेतली, असें समजूं नये. जागा समाजाची आहे. ती वांटतांना समाजानें दोन गोष्टी पाहावयाच्या असतात. आजचे गुण, आणि ते गुण मिळवितांना पायाखालीं असलेली जमीन. डोंगरावरच्या धनगरवाड्यावरून दोन तास चालत येणाऱ्या मुलीचे साठ गुण आणि शाळेशेजारीं राहून शिकवणी लावणाऱ्या मुलाचे सदुसष्ट गुण यांत अधिक कष्ट कोणाचे, हें गुणपत्रिकेवर छापलेलें नसतें. परंतु हेंहि खरें कीं, जात म्हणजे कष्टांचें अचूक माप नव्हे. गरिबी, अंतर, आईबापांचें शिक्षण यांचाहि विचार झाला पाहिजे. आणि सर्वांत कडू सत्य असें कीं, जेथें एका जागेसाठीं शेंकडों अर्ज येतात तेथें कोणतेंहि माप लावलें तरी बहुतेकांच्या वांट्यास निराशाच येणार. आपण वांटणीवर भांडतों, आणि भाकरी मोठी कशी होईल हें विचारावयाचें राहून जातें.

आतां दुसऱ्या गृहस्थांकडे वळूं. त्यांच्या मुलाचे अर्ज खाजगी ठिकाणीं होते; तेथें राखीव जागांचा कायदा लागू नाहीं. आडनांव पाहून अर्ज बाजूस पडतो ही केवळ कल्पना आहे काय? सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल यांनीं २००५ पासून वर्तमानपत्रांतील ५४८ जाहिरातींस ४,८०८ अर्ज पाठवून पाहिले. शिक्षण सारखें, फरक नांवाचा. २००७ सालीं त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केला: उच्चवर्णीय नांवाच्या मानानें दलित नांवाच्या अर्जास पुढें बोलावणें येण्याचा संभव सुमारें दोनतृतीयांश, आणि मुसलमान नांवाच्या अर्जास सुमारें एकतृतीयांश. अर्ज वाचणारा दुष्ट असतो असें नव्हे. ओळखीचें नांव दिसलें कीं मन सैलावतें, अनोळखी नांवापाशीं तें अडखळतें, एवढेंच. पण त्या अडखळण्यांत एका घराची चूल विझते.

महाडच्या औद्योगिक वसाहतींत नोकरी शोधणाऱ्या मुलांनीं आणखी एक नियम जाणून घ्यावा. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनीं देखरेखीच्या जागांपैकीं निदान शेंकडा ५० व इतर जागांपैकीं शेंकडा ८० स्थानिक लोकांस द्याव्यात असें महाराष्ट्र सरकारचें धोरण असून २००८ च्या शासननिर्णयांत तें पुन्हां सांगितलें आहे. येथें 'स्थानिक' म्हणजे महाराष्ट्रांत किमान पंधरा वर्षें राहणारा. केवळ कारखान्याशेजारच्या गांवचा नव्हे. या मागणीस आपली सहानुभूति असणें साहजिक आहे. धूर व सांडपाणी ज्यांच्या दाराशीं, त्यांना काम हवेंच. परंतु हरियाणानें खाजगी नोकऱ्यांतील शेंकडा ७५ जागा तेथील रहिवाशांस राखणारा कायदा केला, तो तेथील हायकोर्टानें १७ नोव्हेंबर २०२३ रोजीं घटनाबाह्य ठरविला, हेंहि विसरूं नये. मुंबईंत जाऊन राहिलेल्या कोंकण्यानें दुसऱ्या प्रांताच्या माणसास 'परका' म्हणतांना क्षणभर आपल्याच आजोबांची ट्रंक आठवावी.

जगांतहि हा वाद मिटलेला नाहीं. नॉर्वेनें २००३ सालीं मोठ्या कंपन्यांच्या संचालकांत शेंकडा ४० स्त्रिया असाव्यात असा कायदा केला. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यान्वयें ठराविक कंपन्यांत निदान एक स्त्री संचालक हवी. उलट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं महाविद्यालयीन प्रवेशांत वंशाचा विचार करणें बेकायदा ठरविलें. परिस्थिति निराळी, इतिहास निराळा. म्हणून दुसऱ्याचें उत्तर जसेंच्या तसें उचलूं नये, पण त्यांचे प्रश्न जरूर वाचावेत.

मग न्यायाची निवड म्हणजे काय? मला दिसतें तें थोडक्यांत सांगतों. जागा रिकामी असल्याचें सर्वांस कळेल अशा रीतीनें जाहीर करावें. कामास कोणते गुण हवेत तें आधीं लिहून ठेवावें. उमेदवार पाहिल्यावर माप बदलूं नये. पहिली छाननी शक्य तर नांव झांकून करावी. मुलाखत एकट्यानें न घेतां निरनिराळ्या थरांतील दोनतीन माणसांनीं घ्यावी व सर्वांस सारखे प्रश्न विचारावेत. आणि ज्यास नाकारलें त्यास कारण सांगावें. यांत राखीव जागा असोत वा नसोत, कोणाचेंहि नुकसान नाहीं. शिवाय निरनिराळ्या थरांतील माणसें एका ठिकाणीं असणें ही कामाचीहि सोय आहे. जेथें स्त्री शिपाईच नाहीं अशा पोलीस ठाण्यावर एखादी गांजलेली बाई आपली तक्रार कशी सांगेल?

उपदेश करणारानें आपला दोषहि सांगावा. पुष्कळ वर्षें शाळेच्या निबंधस्पर्धेचें परीक्षण मीच करीत असें, आणि बक्षिसें बहुधा बाजारपेठेंतील सुशिक्षित घरांच्या मुलांस जात. मला त्यांत कांहीं वावगें वाटत नसे. त्यांची भाषा शुद्ध, अक्षर वळणदार. एके वर्षीं एका तरुण सहकाऱ्याच्या सूचनेवरून आम्हीं नांवें झांकून क्रमांक घातले, व भाषेइतकेच गुण विचारास ठेवले. पहिलें बक्षीस नेहमींच्याच घरीं गेलें. परंतु दुसरें व तिसरें ज्या वाड्यांवर गेलें तेथें तोंपर्यंत शाळेचें बक्षीस कधींच गेलें नव्हतें. त्या दोन वह्या मी घरीं नेऊन पुन्हां वाचल्या. मागील वर्षींचीं अशींच किती पानें मी ओलांडून गेलों असेन, या विचारानें त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. माझ्या मनांत कोणाविषयीं आकस नव्हता. अन्याय व्हावयास आकस लागतोच असें नाहीं, संवय पुरते.

त्या दोन गृहस्थांस आतां मी काय सांगेन? पहिल्यांस सांगेन कीं, तुमच्या मुलाचे सात गुण व्यर्थ गेले नाहींत; ते पुढील परीक्षेंतहि त्याच्याबरोबर येतील. त्याचा राग जागा मिळालेल्या मुलावर न वळतां जागा इतक्या थोड्या कां, या प्रश्नाकडे वळावा. दुसऱ्यांस सांगेन कीं, तुमच्या मुलाचा दोष नाहीं. त्यानें अर्ज करीत राहावें, आणि नाकारणारांस कारण विचारण्याचें धैर्य धरावें. आणि दोघांसहि सांगेन कीं, तुम्ही त्या दिवशीं एकाच बांकावर बसलां होतां, परंतु एकमेकांशीं न बोलतां माझ्याकडे वेगवेगळे आलां. पुढील सभेस प्रथम एकमेकांशीं बोला.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां कारखान्यांत पर्यवेक्षक होईल, कोणी कचेरींत साहेब, कोणी स्वतःचें दुकान काढील. एके दिवशीं तुमच्या टेबलावर अर्जांचा गठ्ठा येईल, आणि त्यांत एक नांव तुमच्या ओळखीचें असेल. त्या क्षणीं हातावर हात ठेवून तीन प्रश्न स्वतःस विचारा: दार सर्वांस उघडें होतें काय? माप सारखें होतें काय? आजवर जो बाहेर राहिला त्याच्यासाठीं मी काय केलें? या तिहींचीं उत्तरें प्रामाणिकपणें देतां आलीं तर तुमच्या शिक्षणाचें चीज झालें असें मी समजेन.